कुमारी कॉर्नेलिया सोराबजी : पडद्याआडच्या स्त्रियांच्या वकील

मोशेच्या काळी सलाफहादाच्या पाच मुली दर्शनमंडपाच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या, आणि आमच्या बापास मुलगा नव्हता एवढ्यावरून त्याच्या वतनातील वाटा आम्हांस का मिळू नये, असे त्यांनी सर्व सरदारांसमक्ष विचारले, ही गणनेच्या पुस्तकातील हकिकत आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. परमेश्वराने त्यांचे म्हणणे रास्त ठरविले. शब्बाथशाळेत ही गोष्ट शिकविताना देवाच्या न्यायाकडे आपले लक्ष जाते, व ते योग्यच आहे. परंतु त्या मुलींस स्वतःच्या पायांनी मोशेपर्यंत येता आले व स्वतःच्या तोंडाने बोलता आले, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. ज्यांस घराचा उंबरठा ओलांडता येत नाही, परपुरुषासमोर बोलता येत नाही, व ज्यांच्या नावाने लिहिलेला कागद दुसराच कोणी वाचून दाखवितो, अशांनी कोणत्या दाराशी जावे? आपल्या महाराष्ट्रात जन्मलेल्या एका ख्रिस्ती भगिनीने या प्रश्नापायी आपले आयुष्य वेचले. त्यांचे चरित्र आज सांगावयाचे आहे.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे जन्माने पारशी. १८४१ साली, ऐन तारुण्यात, त्यांनी बाप्तिस्मा घेतला व त्यापायी आपल्या लोकांचा छळ सोसला; पुढे चर्च मिशनरी सोसायटीच्या सेवेत त्यांचे आयुष्य गेले. आई फ्रान्सिनाबाई यांस बालपणी फोर्ड नावाच्या इंग्रज दांपत्याने मुलीप्रमाणे वाढविले होते, आणि त्या घरच्या लेडी कॉर्नेलिया फोर्ड यांचेच नाव या मुलीस ठेवण्यात आले. बेळगाव व पुणे या ठिकाणी तिचे बालपण गेले. पुण्यात फ्रान्सिनाबाईंनी शाळा काढली, तीत निरनिराळ्या जातींची व धर्मांची मुले एकत्र शिकत. हे घरच असे होते की त्यातून निघालेल्या मुलींनी पुढे नाव काढले : सुसीबाईंनी १९०८ साली पुण्यात सेंट हेलेना शाळा स्थापिली, आणि ॲलिसबाई डॉक्टर होऊन सरहद्दीवरील बन्नू येथे डॉक्टर पेनेल या मिशनऱ्यांच्या सहधर्मिणी झाल्या.

फ्रान्सिनाबाईंकडे पुण्यातील बायका आपली गाऱ्हाणी घेऊन येत, व त्यांत मिळकतीची व वारशाची गाऱ्हाणी पुष्कळ असत. अशीच एकदा एक सधन गुजराती विधवा आली. कारभाऱ्यावर विश्वास टाकून तिने एका कागदावर सही केली होती, आणि त्या एका सहीने तिची सारी मिळकत तिच्या हातून गेली होती. लहानगी कॉर्नेलिया तेथेच होती. अशा बायकांस साह्य करावयाचे असेल तर कायदा शिकला पाहिजे, असे आईने तिला समजाविले. मुलीने ते मनात धरिले. आपल्या वृद्धपणी लिहिलेल्या इंडिया कॉलिंग या आत्मवृत्तात त्यांनी या प्रसंगास आपल्या पुढील कार्याचे मूळ म्हटले आहे. आईच्या ओटीवर बसलेले मूल काय ऐकते व काय साठवून ठेवते, याचा भरवसा कोणी द्यावा!

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मुलगी कधी शिकलेली नव्हती. कॉर्नेलिया ही तेथील पहिली विद्यार्थिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी मिळविणारी पहिली स्त्रीही तीच. परीक्षेत तिचा क्रमांक इतका वर लागला की विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती नियमाने तिच्याकडे यावयास हवी होती. परंतु ती स्त्री आहे या एकाच कारणावरून शिष्यवृत्ती नाकारण्यात आली. तेव्हा काही काळ तिने अहमदाबादेच्या गुजरात कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांस इंग्रजी शिकविले. इकडे विलायतेत लेडी हॉबहाऊस, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, सर विल्यम वेडरबर्न आदी मंडळींनी वर्गणी जमविली, आणि १८८९ साली ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल येथे दाखल झाली.

तेथेही दार आपोआप उघडले नाही. कायद्याच्या बी. सी. एल. परीक्षेस स्त्री बसल्याचे उदाहरण नव्हते. विद्यापीठाच्या सभेने खास ठराव केला, तेव्हा १८९२ साली कॉर्नेलियाबाई पुरुषांबरोबर त्या परीक्षेस बसल्या. परीक्षा झाली, परंतु पदवी मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड त्या काळी स्त्रियांस पदवीच देत नसे. ती पदवी त्यांच्या हाती पडावयास १९२२ साल उजाडले. तीस वर्षे! आमच्यापैकी कित्येकांस दहावीचा दाखला तीन महिने उशिरा मिळाला तरी धीर सुटतो.

स्वदेशी परतल्यावर त्यांनी कामास आरंभ केला तो सनदेवाचून. फौजदारी न्यायालयात न्यायाधीशाच्या परवानगीने सनद नसलेल्या मनुष्यासही आरोपीची बाजू मांडता येत असे. त्या आधारे १८९६ साली पुण्याच्या न्यायालयात खुनाचा आरोप असलेल्या एका स्त्रीच्या वतीने त्या उभ्या राहिल्या. इंग्रजी अमलातील न्यायाधीशापुढे स्त्रीने असे काम चालविल्याचा हा पहिलाच प्रसंग म्हणून सांगतात. काठेवाड व इंदूर येथील संस्थानांतही पडदानशीन स्त्रियांच्या वतीने एजंटापुढे अर्ज-कैफियती करण्याची त्यांस खास परवानगी मिळाली होती. संस्थानी न्यायाचा एक मासला त्यांनी स्वतःच सांगून ठेविला आहे. एका हत्तीच्या पोटापाण्यासाठी नेमून दिलेली केळीची बाग खुद्द राजाने परत घेतली होती; बाईंकडे त्या हत्तीचे वकीलपत्र आले, आणि न्यायासनावर पाहतात तो तोच राजा! बाईंनी तोंड उघडण्यापूर्वीच राजाने निकाल त्यांच्या बाजूने दिला, कारण त्याच्या कुत्र्यास बाई आवडल्या होत्या. वाचून हसू येते. पण ज्या राज्यात कुत्र्याच्या शेपटीवर निकाल हलतो तेथे तोच कुत्रा गुरगुरला असता तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

१८९७ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची एल्‌एल्‌. बी. परीक्षा दिली, व १८९९ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही त्या उतरल्या. तरीही सनद नाही. परीक्षेस बसण्यास स्त्री चालते, उत्तीर्ण झालेली चालते, मात्र न्यायालयात उभी राहिलेली चालत नाही, असा हा व्यवहार. १९१६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने रेजिना गुहा या दुसऱ्या एका विदुषीचा अर्जही असाच फेटाळला.

आता पडदानशीन स्त्रियांची स्थिती थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून बाईंच्या कार्याचे मर्म ध्यानात यावयाचे नाही. वरवर पाहता कायदा या स्त्रियांविषयी कठोर नव्हता. रीतीप्रमाणे जी स्त्री बाहेर येत नाही तिला न्यायालयात प्रत्यक्ष हजर राहण्यापासून दिवाणी कायद्याने सूट होती. विलायतेतील प्रिव्ही कौन्सिलने तर याहून मोठे संरक्षण दिले होते : पडदानशीन स्त्रीने करून दिलेल्या कागदाच्या आधारे जो हक्क सांगतो, त्यानेच हे सिद्ध केले पाहिजे की कागद तिला वाचून दाखविला गेला, त्याचा अर्थ तिला उमगला, व तिने तो आपल्या खुशीने केला. नुसती सही किंवा अंगठा पुरेसा नाही. याहून चांगला नियम आम्हांस तरी सुचत नाही. परंतु हा नियम न्यायालयात कोणी तरी जाऊन सांगितला तरच त्याचा उपयोग. सांगणार कोण? वकील सारे पुरुष. त्यांच्याशी ती बोलू शकत नाही. बोलावयाचे ते कारभाऱ्यामार्फत किंवा दिरामार्फत. आणि बहुधा तक्रार असावयाची ती त्याच कारभाऱ्याविरुद्ध व त्याच दिराविरुद्ध! जो लुबाडतो त्याच्याच हाती फिर्याद पाठवावयाची, अशी ही कोंडी होती.

जमीनदार मरून मागे विधवा किंवा अज्ञान मूल राहिले म्हणजे सरकार ती जहागीर आपल्या देखरेखीखाली घेई. त्या खात्यास कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स म्हणत. पण या खात्याचे अधिकारीही पुरुषच. ज्या राणीच्या मिळकतीचे ते विश्वस्त, तिचे तोंड त्यांनी कधी पाहिलेले नसे, व पडद्याआडून येणारा आवाज तिचाच की तिच्या नावाने बोलणाऱ्या दुसऱ्या कोणाचा, हेही त्यांस कळण्यास मार्ग नसे. १९०२ पासून कॉर्नेलियाबाईंनी विलायतेतील इंडिया ऑफिसकडे लकडा लावला की या स्त्रियांसाठी कायदा जाणणारी एक स्त्री नेमावी. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समध्ये त्यांची नेमणूक झाली. पुढे बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम एवढा मुलूख त्यांच्याकडे आला.

त्या मुलखात पालखी, होडी, हत्ती, जे मिळेल त्या वाहनाने त्या फिरल्या. वाड्यात जावे, जमिनीवर बसावे, राणीच्या व तिच्या सासूच्या, दासींच्या देखत दोन गोष्टी बोलाव्या, मग हळूच एकान्त साधावा, आणि खरे दुःख काय ते काढून घ्यावे. कोठे खासगी खर्चाची नेमणूक महिनोन्‌महिने पोहोचत नसे. कोठे दत्तकावरून सासूसुनांत वैर पेटलेले असे. कोठे अज्ञान वारस मेला तर आपणांस गादी मिळेल अशी आशा धरून बसलेले आप्त असत, व आईने मुलास अन्न भरविताना भीत असावे. अशा मुलांचे शिक्षण, प्रकृती, शिक्षक यांची व्यवस्था बाई लावीत व सरकारास कळवीत. कित्येक तंटे त्यांनी न्यायालयाचे तोंड न पाहता मिटविले. सुमारे वीस वर्षांत सहाशेंहून अधिक स्त्रिया व अनाथ मुले यांस त्यांनी साह्य केले असे सांगतात, व त्यांपैकी काहींकडून एक पैही घेतली नाही. १९०९ साली सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले.

येथे कोणी म्हणेल की राण्यांस व जहागीरदारिणींस साह्य केले त्यात दीनांची सेवा ती कोणती? शंका रास्त आहे, व तिचे उत्तर आम्हांस असे सुचते. कापूस वेचणाऱ्या बाईस निदान कचेरीपर्यंत चालत जाता येत होते; पण तिच्याजवळ वकिलास द्यावयास पैसा नव्हता. राणीजवळ पैसा होता. पण तो कोठे आहे हेही तिला कळू दिले जात नव्हते. दोघींच्या अंगठ्याचा ठसा सारखाच, व दोघींस फसविण्याची रीतही सारखीच. तरी हेही खरे की कॉर्नेलियाबाईंचे काम वाड्यांत झाले, झोपड्यांपर्यंत ते पोहोचले नाही. तो भाग पुढच्यांसाठी राहिला.

दार अखेर उघडले ते त्यांच्या उतारवयात. १९२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांस वकील म्हणून नोंदवून घेतले. त्या वेळी त्या ५४ वर्षांच्या होत्या. विलायतेतही स्त्रियांस बॅरिस्टर होण्याची मोकळीक मिळाली होती. १९२३ साली लिंकन्स इनमधून त्या बॅरिस्टर झाल्या. त्याच साली हिंदुस्थानात कायदा होऊन स्त्री असणे हे वकिलीस आडकाठी राहिले नाही. त्यांनी कलकत्त्यास वकिली सुरू केली. परंतु वकीलवर्गाचा जुना ग्रह तसाच होता. काम मिळे ते बहुतकरून कागद पाहून अभिप्राय लिहिण्याचे, न्यायालयात उभे राहून बोलण्याचे क्वचितच. १९२९ साली त्यांनी वकिली सोडली.

चरित्र लिहिणाराने गुण तेवढे लिहून इतर गोष्टींवर पांघरूण घालू नये. कॉर्नेलियाबाई इंग्रजी राज्याच्या कट्टर पक्षपाती होत्या. गांधीजींच्या चळवळीस त्यांनी उघड विरोध केला. १९२७ साली कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईने आपल्या देशाची निंदा करणारे मदर इंडिया हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा देशभर संताप उसळला. कॉर्नेलियाबाईंनी मात्र मेयोबाईंचा पक्ष घेतला. परिणाम असा झाला की स्त्रियांसाठी काम करणाऱ्या ज्या मंडळींच्या साह्यावर त्यांच्या पुढील योजना अवलंबून होत्या, त्या मंडळींनी त्यांची संगत सोडली. आमच्या मते येथे त्यांची मोठीच चूक झाली. वाड्यांच्या आतील दुःख त्यांनी इतके जवळून पाहिले होते की ते दुःख जगापुढे मांडणारा कोणीही त्यांस आपला वाटला. मांडणाराच्या मनात या देशाविषयी प्रीती आहे की तुच्छता, हे त्यांनी पारखले नाही. आपल्या लोकांचे दोष आपल्या लोकांत राहून सांगणे वेगळे, आणि परक्यास ते हत्यार म्हणून देणे वेगळे. याच काळात आपल्या महाराष्ट्रात अनेक ख्रिस्ती जन देशाच्या स्वातंत्र्याची इच्छा मनी बाळगून होते, हे ध्यानात घेतले म्हणजे बाईंची भूमिका अधिकच एकाकी दिसते. कार्याची ही हानी त्यांनी स्वतःच ओढवून घेतली असे म्हणणे भाग आहे. तथापि ज्या सहाशे जणींच्या मिळकती व मुले वाचली, त्यांचे वाचणे यामुळे खोटे ठरत नाही.

उरलेली वर्षे त्यांनी मुख्यत्वे लंडनमध्ये काढली. डोळ्यांनी त्यांस फार त्रास दिला. तरी १९३४ साली वर सांगितलेले आत्मवृत्त व १९३६ साली त्याच्या मागोमाग दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले. आईवडिलांचे व सुसीबाईंचे चरित्रही त्यांनी लिहिले आहे. ६ जुलै १९५४ रोजी, ८७ वर्षांचे आयुष्य भोगून, त्या प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या. २०१२ साली लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला.

हे चरित्र आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील मंडळ्यांपुढे ठेवण्यास कारण आहे. येथे राण्यांचे वाडे नाहीत. परंतु कापसाच्या पिकाने दगा दिला, सावकाराचे व बँकेचे कर्ज डोक्यावर चढले, आणि कर्त्या पुरुषाने आपल्या हाताने जीव दिला, असे दुःखद प्रकार या जिल्ह्यात अनेक वर्षे घडत आले आहेत. मागे राहते ती विधवा. सातबारा सासऱ्याच्या नावाने. फेरफार झालेला नाही. दीर कागद पुढे करतो व येथे अंगठा लाव म्हणतो. ती पडद्यात नाही, रोज उन्हात राबते. तरीही त्या क्षणी ती पुण्याच्या त्या गुजराती विधवेहून वेगळी नाही. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर या बाजूच्या कोलाम व गोंड बांधवांची गोष्टही दूरची नाही. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून बिगर आदिवासीस देता येत नाही, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत स्पष्ट असले तरी, ज्याची जमीन आहे त्यासच ते ठाऊक नसेल तर नियम कागदावरच राहतो.

पडदानशीन स्त्रियांविषयीचा तो जुना नियम न्यायालयांनी पुढे निरक्षर व अजाण स्त्रियांसही लागू केला, हे आमच्या भगिनींनी जाणून असावे. ख्रिस्ती कुटुंबांस १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता पती वारला व मुले असली, तर मिळकतीचा एक तृतीयांश विधवेचा. उरलेले दोन तृतीयांश मुलांमुलींत सारखे वाटले जातात, आणि त्यात मुलगा व मुलगी असा भेद नाही. मूलबाळ नसून पतीचे इतर आप्त असतील तर विधवेस अर्धा वाटा आहे. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण लग्न करून दिले म्हणजे मुलीचा वाटा संपला, अशी समजूत प्रभुभोजनास नित्य बसणाऱ्या कुटुंबांतूनही आम्हांस आढळते.

वकिलास द्यावयास पैसा नसल्यास काय करावे? भारताच्या संविधानात १९७६ साली गरिबास कायद्याचे साह्य फुकट देण्याचे तत्त्व ३९ अ या कलमाने घालण्यात आले, आणि त्यासाठी १९८७ साली झालेला विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्या कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे अनुसूचित जाती व जमातींचे लोक, स्त्रिया, मुले, अपंग व कोठडीत असलेले मनुष्य यांस वकील विनामूल्य मिळतो; स्त्रीचे उत्पन्न किती हे त्यात पाहिले जात नाही. यवतमाळ येथे जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या न्यायालयांत तालुका विधी सेवा समित्या आहेत, व १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीनेही विचारता येते. जिला लिहिता येत नाही तिचा अर्ज तेथील अधिकाऱ्याने स्वतः लिहावा, तो तिला वाचून दाखवावा, समजावून सांगावा, व त्यानंतरच तिचा अंगठा घ्यावा, असा नियम आहे. गावोगावी जाऊन अशी माहिती देण्यासाठी व गरजूंस कचेरीपर्यंत पोहोचविण्यासाठी हेच प्राधिकरण विधी स्वयंसेवक नेमते. त्यास दहावीपर्यंतचे शिक्षण पुरते, आणि स्त्रियांसही ते काम करता येते.